देवान धारला, मी कापला

दिवसाचा पहिला मासा विळीवर धरण्याआधी चांगुणामावशी त्याच्या डोक्यावर तर्जनी टेकवायची आणि एका दमात म्हणायची, "देवान धारला, मी कापला, माजा दोस नाय." मग खच्कन डोकं एकीकडे, धड दुसरीकडे. हे फक्त पहिल्या माशाला. नंतरच्या पन्नास-साठ माशांना त्या एका वाक्यात भागवून घ्यावं लागे. तिच्या बोलीत ड चा र होई आणि ळ चा ल. खाडीची खारी, विळीची इली, माकडाचं माकर, आणि देवाने धाडलेला मासा 'धारलेला'. आठ-पंधरा दिवसांत कानाला सवय झाली की मग दुसरं काही शुद्ध वाटेनासं व्हायचं.

बाळकुमला आम्ही राहायला आलो तेव्हा ती आमच्या सोसायटीच्या फाटकाबाहेर, भिंतीच्या सावलीत बसत असे. आमची इमारत उभी आहे ती जमीन एके काळी तिच्या सासऱ्यांची. "तुज्या बेडरूममदी मी भात लावलाय," असं ती मला पहिल्याच आठवड्यात सांगून मोकळी झाली. मी डोंबिवलीच्या एका शाळेत दहावीला विज्ञान शिकवते. आमच्या घरात मासा नाही असा वार शोधावा लागतो. आणि मी तोंडाने फटकळ आहे. मुलं माझ्या पाठीमागे मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

पहिल्या दिवशी तिचं ते वाक्य ऐकून मला राहवलं नाही. "देवाने कसला धाडलाय मावशी? तुमच्या नवऱ्याने जाळ्यात धरला म्हणून आला."

तिने मान वर केली नाही. "आनि जालं कोनी दिला?"

"बाजारातून आणलं असेल."

"आनि बाजारान जायाला पाय?"

बाजूच्या दोन बायका फिदीफिदी हसल्या. सकाळी सकाळी एका कोळणीकडून पाणउतारा! मी पाकीट उचललं आणि तिथेच ठरवलं, हिला एक दिवस गप्प करायचं. हे मी आज लिहिते आहे ते कबुलीजबाब म्हणून. त्या वेळी मला तो माझा बाणेदारपणा वाटला होता.

आता ती साधीभोळी, प्रेमळ वगैरे होती असं कुणी समजू नये. तोंडाने ती माझ्याहून जहाल. कुणी बाई मासा हातात घेऊन वास घ्यायला लागली की ही ओरडायची, "नाक काय लावतंस त्याला? नवऱ्याला लाव जा." कुणी विचारलं, ताजा आहे का, तर "नाय, माज्या लगनातला हाय." जिवंत चिंबोऱ्यांच्या नांग्या ती शेंगा मोडाव्यात तशा मोडायची, आणि ती चिंबोरी टोपलीत गरगर फिरायला लागली की कौतुकाने बघत बसायची. माझ्या मुलीने एकदा ते पाहिलं आणि महिनाभर चिंबोरी खाल्ली नाही. तर ही मलाच म्हणते, "तुजी पोर कच्ची हाय गो. देवान आपल्यासाठीच घरवलाय त्याना. त्याचा त्याला ठाव हाय, तुज्या पोरीला नाय."

पण माशाबद्दल तिला जे माहीत होतं ते माझ्या पदवीच्या प्राध्यापकांनाही माहीत नव्हतं. पोट चिरल्यावर आतला हवेचा फुगा बोटावर घेऊन ती सांगायची की हा मासा वरच्या पाण्यातला की तळाचा. कल्ल्यांच्या रंगावरून सांगायची की जाळ्यात किती वेळ तडफडलाय. गाबोळी, म्हणजे पोटातली अंडी, बघून ती घालायला किती दिवस उरलेत ते सांगायची. "नखाएवरा पिल्लू आन," ती म्हणायची, "मी सांगतंय कोनाचा हाय. एकदा चुकलं तर इली खारीत टाकीन." या बाबतीत तिला भलता गर्व होता, आणि तो गर्व खोटा नव्हता.

आमचं भांडण लागलं ते निवट्यांवरून. निवटी हा आमच्या खाडीतला बोटाएवढा मासा. ओहोटीला पाणी उतरलं की हा पठ्ठ्या पुढच्या परांवर रेटा देत चिखलावरून चालतो, हवेत श्वास घेतो, डोळे वटारून इकडेतिकडे बघतो. उत्क्रांतीचा धडा शिकवणाऱ्या बाईला याहून गोड प्राणी कुठला मिळणार? मी तिच्याकडून डबाभर निवट्या घेतल्या आणि तिथेच उभं राहून तिला धडा दिला. म्हटलं, "बघा मावशी, हा मासा आहे पण चालतो. असेच कोणे एके काळी काही मासे पाण्यातून बाहेर आले, लाखो वर्षांत त्यांचे बेडूक झाले, सरडे झाले, माकडं झाली, आणि तुम्ही-आम्ही झालो."

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चालतो तं चालतो. भरती आली की खं जातो?"

"पाण्यात."

"मंग? मी बी कंबरभर पान्यान उतरतंय. मी मासली झाली का?" आणि मग एकदम वेगळ्याच, कडक आवाजात, "मानसाच्या पोटी मानूस येतो, माशाच्या पोटी मासा. देवान घरवलाय तसाच हाय. त्यान तू लुरबुर करू नको."

हे वाक्य तिने मला पुढच्या काही वर्षांत शंभरदा ऐकवलं असेल. इतर कुठल्याही विषयावर ती थट्टेने बोलायची, देवाचीही थट्टा करायची. पण या वाक्याला तिचा चेहरा दगडासारखा व्हायचा. मला वाटे, अडाण्याचा हट्ट, दुसरं काय!

आमच्या तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त बँकवाले काका आहेत. त्यांनी एकदा मासे घेता घेता मध्यस्थी केली. म्हणाले, "अहो, तुम्ही दोघी उगीच भांडताय. मत्स्य, कूर्म, वराह! आधी मासा, मग कासव, मग डुक्कर. आपल्या पूर्वजांनी ही उत्क्रांती केव्हाच सांगून ठेवलीय." असली तडजोड ऐकली की माझ्या डोक्यात तिडीक जाते. पण मी काही बोलायच्या आत चांगुणामावशी म्हणाली, "काका, देव मासा झाला व्हता. मासा देव नाय झाला."

काका पिशवी घेऊन निघून गेले. मी मात्र त्या रात्री जेवताना ते वाक्य नवऱ्याला सांगितलं, कारण इतकं नेमकं बोलणं मी पदवीधर विरोधकांकडूनही ऐकलं नव्हतं. ती उतरणारा देव मानत होती, चढणारा प्राणी नाही. पण हे कौतुक तिच्यापर्यंत पोचवण्याचा मोठेपणा माझ्यात नव्हता.

विरोधक मला नवे नव्हते. दर वर्षी तो धडा आला की एखादा तरी पालक शाळेत यायचा. टिटवाळ्याहून आलेले एक गृहस्थ मला म्हणाले होते, "मॅडम, आमचं घराणं ऋषींच्या गोत्रातलं आहे. माझ्या मुलाला माकडाचा वंशज म्हणून घरी पाठवू नका. त्याच्या आजोबांना वाईट वाटतं." मी त्यांना खुर्ची दिली आणि विचारलं, "तुम्ही आत्ता ज्या हाडावर बसला आहात, त्याला मराठीत काय म्हणतात?" ते गोंधळले. "माकडहाड," मी म्हटलं, "आणि ते शेपटीचं उरलेलं टोक आहे. आजोबांनाही आहे." शिक्षकांच्या खोलीत हशा पिकला. त्या माणसाचा मुलगा दारात उभा होता, त्याने ते ऐकलं. माझी बाजू खरी होती, आजही खरी आहे. पण माझी बाजू खरी असली की मी कशी वागते, हे सांगण्यासाठी एवढं लिहिलं.

दोन वर्षांपूर्वी धडा आला तेव्हा मी मुख्याध्यापकांकडून परवानगी घेतली आणि चांगुणामावशीला शाळेत बोलावलं. कागदावर कारण असं की मुलांना मासा आतून दाखवायचा आहे आणि तिच्यासारखा हात जिल्ह्यात नाही. ते खरंच होतं. पण मनात दुसरं होतं. मला तिची जिरवायची होती.

ती केवढी नटून आली! हिरवं लुगडं, अंबाड्यात अबोली, गळ्यात पोत, कानात ठसठशीत सोनं. तिचा मुलगा दिनेश वागळे इस्टेटमध्ये एका वर्कशॉपमध्ये कामाला आहे. त्याने अर्धा दिवस रजा टाकून तिला मोटारसायकलवरून डोंबिवलीपर्यंत आणलं. विळी फडक्यात गुंडाळून तिने मांडीवर धरली होती. वर्गात शिरताना तिने उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला. "मी शालेन चौथीपोत्तर गेलंय फक्त," ती माझ्या कानात म्हणाली, "काय चुकला तं सांभालून घे गो बाय."

चुकायचं काय! प्रयोगशाळेच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून ती विळी घेऊन बसली आणि पाच मिनिटांत पन्नास पोरं तिच्या मुठीत. पहिल्या बोईट माशाच्या डोक्यावर तिने बोट टेकवलं आणि आपलं वाक्य म्हटलं. मुलांनी ते पुन्हा म्हणायला लावलं, मग सगळ्यांनी मिळून म्हटलं. "देवान धारला, मी कापला, माजा दोस नाय!" कल्ले, फुगा, हृदय, गाबोळी, सगळं तिने एकेक करून तळहातावर काढून दाखवलं. मी वर्षभर घसा फोडून जे शिकवते ते तिने विळीच्या टोकाने शिकवलं.

मग पुढच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मावशी, आपण माशांपासून झालो असं पुस्तकात आहे. तुम्हाला पटतं?"

चांगुणामावशीने माझ्याकडे पाहिलं, डोळा बारीक केला आणि म्हणाली, "आपन माशापासून झालो, मंग मी रोज कोनाला कापतंय गो? तुज्या काकाला?"

वर्ग फुटला. बाकं वाजली, शिट्ट्या झाल्या. माझ्या वर्गात, माझ्या धड्यावर! माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की काय सांगू.

भिंतीवर जुना तक्ता होता. मासा, कासव, कोंबडी आणि माणूस, चौघांचे सुरुवातीच्या अवस्थेतले गर्भ ओळीने काढलेले. सगळे वाकडे, मोठ्या डोळ्यांचे, मानेपाशी घड्या, मागे शेपूट. चौघांत साम्य असतं हे खरं आहे. पण त्या जुन्या तक्त्यात चित्रकाराने ते साम्य ठसावं म्हणून जरा जास्तच हात सैल सोडलाय, हेही मला माहीत होतं. खालची नावं मी कागदाच्या पट्ट्यांनी झाकून ठेवली होती. म्हणजे बेत आधीच शिजलेला होता. उगाच रागाच्या भरात झालं असं मी म्हणू शकत नाही.

"मावशी," मी म्हटलं, "तुम्ही नेहमी म्हणता, नखाएवढं पिल्लू दाखवा, ओळखून दाखवते. यातला मासा कुठला?"

ती उठली. हात पदराला पुसले. चष्मा आणला नव्हता, म्हणून तक्त्याला नाक लागेल इतकी जवळ गेली. घाई केली नाही. चारही चित्रं पाहिली, परत पहिल्यापासून पाहिली. मग चौथ्यावर बोट ठेवलं, तेच तर्जनीचं बोट. "ही बोईट. अंड्यातून निगून दोन दिस झाले."

मी पट्टी ओढली. खाली लिहिलं होतं: माणूस.

"हे माणसाचं बाळ आहे मावशी. आईच्या पोटातलं. आता सांगा मुलांना, माणसाच्या पोटी काय येतं?"

जो हशा उठला तो शेजारच्या वर्गात ऐकू गेला असेल. मीही हसले. एका उनाड पोराने "बोईट! बोईट!" असा गजर धरला. मी त्याला गप्प केलं नाही.

चांगुणामावशीचं बोट तसंच चित्रावर होतं. हसू थांबल्यावर तिने विचारलं, "बाय, ह्या कितव्या महिन्याचा?"

"दुसऱ्या."

"दुसरा लागता का सरता?"

"सरता म्हणा. तो काय फरक आहे?"

टेबलावर एक मासा अर्धा चिरलेला होता, तो तसाच ठेवून तिने विळी न पुसता फडक्यात गुंडाळली. दिनेश बाहेर मोटारसायकलपाशी उभा होता. जाताना तिने उंबऱ्याला हात लावला नाही, एवढं मला दिसलं. मला वाटलं, हरली म्हणून फुगली. मधल्या सुट्टीत मी ही गोष्ट शिक्षकांच्या खोलीत तिच्या आवाजात, तिच्या बोलीत, बोट पुढे करून सांगितली. नंतर चार वेळा पुन्हा सांगितली, कारण लोकांनी आग्रह केला.

चार दिवस ती फाटकाशी आली नाही. पाचव्या दिवशी आली, पण टोपलीशेजारी विळी नव्हती. "अख्खा न्या. कापून मिलनार नाय," सगळ्यांना एकच उत्तर. आता आमच्या सोसायटीतल्या बायका मासा अख्खा घरी नेऊन काय करणार? अर्ध्याजणींना खवलं काढता येत नाहीत, उरलेल्यांना डोळे बघवत नाहीत. एकेकीने फोनवरून साफ केलेले तुकडे मागवायला सुरुवात केली. तिसऱ्या आठवड्यात तिची जागा रिकामी दिसली.

मला फाटकात दिनेश भेटला. त्याने गाडी थांबवली, पण नमस्कार केला नाही. "मॅडम, तुम्ही तिकडे शाळेत नक्की काय केलंत?"

"का रे?"

"आई मासा हातात घेत नाय. घरात बनवलेला खात पण नाय. आम्ही कोळी लोक, मॅडम, आणि ती वरण-भात खाते. विचारलं तर बोलते, तुज्या मास्तरीनबायला विचार. म्हणून विचारतोय."

दुसऱ्या दिवशी मी गावठाणात तिच्या घरी गेले. मागच्या दारातून खाडी दिसते. ती ओट्यावर विळी घेऊन बसली होती आणि त्या विळीवर दुधी चिरत होती. मला बघून ती उठली नाही, बस म्हणाली नाही. मीच पायरीवर टेकले.

"मावशी, मी तुमची माफी मागायला आले. मुलांसमोर तसं करायला नको होतं. मी फार वाईट वागले."

"पोरां हसली त्याचा काय नाय," ती म्हणाली. "मी पन लोकांना हसतंय." दुधीच्या दोन फोडी झाल्या. मग ती बोलायला लागली, विळीकडे बघत, माशांचे भाव सांगावेत तशा आवाजात.

लग्न होऊन वर्ष झालं होतं. दिवस राहिले. दुसरा महिना सरत आला आणि एक दिवस खाडीवरून डोक्यावर ओझं घेऊन येताना सगळं गेलं. सासूने फडक्यात धरलं. हिने हट्ट केला, मला दाखव. सासू नको म्हणत होती, हिने हात ओढून बघितलं. "करंगलीच्या पेराएवरा. वाकरा. काला डोला, मागं शेपटी. मी किंचाललं. सासू बोल्ली, ररू नको गो. मानसाच्या पोटी मानूस येतो, माशाच्या पोटी मासा. ही मासली व्हती. तुजी नव्हती. खारीतून आली, खारीन सोरतंय. आनि त्या वाटेन जाऊन सोरून आली." तिने मागच्या दाराकडे मान केली. "मना पटला. मी बगला व्हता ना, मासाच व्हता तो. म्हंजे माजा पोर मेलाच नाय. मना पोर झालाच नव्हता. दुसरे दिवशी सासून मना इलीवर बसवली. बोल्ली, भ्याव नको. बोट ठेव आनि बोल, देवान धारला, मी कापला, माजा दोस नाय. तवापासून बोल्तंय."

मी तिला किती वर्षं झाली विचारलं नाही. दिनेशच्या वयावरून हिशेब कळत होता.

माझ्याकडे एकच उपाय होता, तो मी घाईघाईने पुढे केला. "मावशी, ऐका. त्या तक्त्यातली चित्रं तितकीशी बरोबर नाहीत. जुना तक्ता आहे. सारखं दिसावं म्हणून मुद्दाम तशी काढलीत. खरं म्हणजे..."

"बरोबर हाय," ती म्हणाली. "मी बगलाय."

पण गप्प बसेन तर मी कसली! माझ्यातली बाई शिकवायला लागली. म्हटलं, यात तुमचा काही दोष नव्हता, असे गर्भ पुष्कळदा पडतात, बीजातच काहीतरी बिघडलेलं असतं, निसर्गच ते पुढे जाऊ देत नाही.

"निसर्ग कोन?"

"निसर्ग म्हणजे... कोणी नाही."

"मंग त्याशी भांडू कशी?" तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "देवाशी मी भांडतंय. शिव्या देतंय त्याला. त्यान धारला तं त्याला विचारता येतं, का धारला. तुज्या निसर्गाला काय विचारू? तो बोलल, मना काय ठाव, मी कोनी नाय." मग फोडी परातीत लोटत म्हणाली, "त्या हप्त्यान माज्या घोवान त्याच खारीतून जितारा आनला. सासून रांधला. खा, अंगान ताकद येल, बोल्ली. मी खाल्ला. कालीज निवला माजा, एवरा चांगला लागला. तवा ती मासली व्हती, म्हनून चालला. आता मना सांग, मी काय खाल्ला?"

खाडीवरून वास येत होता. शेजारच्या घरात कुणी टीव्ही लावला होता. मी रडायला लागले, आणि मला तेही शोभत नव्हतं.

"ररू नको," ती म्हणाली. आवाजात माया नव्हती. गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगितलं. "तुजा शास्तर खरा हाय बाय. मी कवा बोल्ली खोटा हाय? मना नको, एवराच बोल्ली. एवरी वर्सं बोल्ली, मना नको. तू ऐकलाच नाय."

तिने चहा विचारला नाही. कोळ्याच्या घरून कुणी चहा न घेता उठत नाही, हे मला माहीत होतं. मी उठले तेव्हा म्हणाली, "आता परत नको येव."

मी गेले नाही. तिने सांगितलं म्हणून, आणि मला हायसं वाटलं म्हणून.

पुढच्या वर्षी ती वारली. ताप आला, चार दिवस अंगावर काढला, दवाखान्यात नेलं आणि दोन दिवसांत आटोपलं. मी अंत्यदर्शनाला गेले आणि लांब, गल्लीच्या तोंडाशी उभी राहिले. दिनेशने मला पाहिलं, मान वळवली. आता फाटकाशी त्याची बायको बसते. हात चांगला आहे तिचा, पटापट कापते. कानात फोनची वायर असते. पहिल्या माशावर ती बोटबीट काही ठेवत नाही. मी तिच्याकडून मासे घेते, ती मला 'मॅडम' म्हणते, कापून हवेत का विचारते. मी हो म्हणते.

या वर्षीही धडा आला. तो तक्ता काढून टाकावा असं मी दोन वर्षं घोकत होते, पण मुख्याध्यापकांना कारण काय सांगणार? कारण सांगितलं असतं तर पुढच्या वेळी टिटवाळ्याचे ते गृहस्थ आले असते आणि म्हणाले असते, बघा, आम्ही म्हणत होतो ना! ते मला परवडलं नसतं. तेव्हा तक्ता तिथेच होता. मी फळ्याकडे पाठ करून उभी राहिले, आणि मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "मॅडम, ती कोळीणमावशीची गोष्ट सांगा ना! माझ्या दादाने सांगितलीय. एकदम भारी आहे म्हणे."

मी म्हटलं, "गोष्ट नाही. पुस्तकं उघडा." आणि हातातली लाकडी पट्टी चौथ्या चित्रावर टेकवली. "हा माणसाचा गर्भ. दुसरा महिना सरताना. नुसत्या डोळ्यांनी ओळखायला कठीण असतो. कुणीही चुकेल."

"बोईट!" कुणीतरी ओरडलं.

पन्नासच्या पन्नास पोरं हसली. आधीच्या त्या वर्गातलं एकही पोर यात नव्हतं. हसायचं कुठे, हे मात्र यांना पाठ होतं. मी चित्राकडे तोंड केलं, हसू थांबायची वाट बघत. माझं बोट नकळत त्या वाकड्या मानेवर जाऊन टेकलं होतं, आणि तिचं वाक्य आपोआप तोंडात आलं. देवान धारला, ते मी मानत नाही. मी कापला. पुढचे तीन शब्द मी पुष्कळ वेळ म्हणून पाहिले. घंटा झाली तरी ते आले नाहीत.